होट्टलची पैंजणं

लातूरहून निघालो तेव्हा सुशीलाताईने गॉगल, पाण्याची बाटली आणि माझा दंड, तिन्ही घट्ट धरले होते. ती शाळेत चित्रकला शिकवायची. आता डोळ्यांचा पडदा खराब झालाय. आहे ती नजर किती टिकेल, हे डॉक्टरही सांगत नाहीत. तिला होट्टलच्या जुन्या देवळावरच्या दगडी नर्तकी पाहायच्या होत्या.

उदगीरमार्गे देगलूरला उतरलो. स्टँडवर चार जणांना वाट विचारली. चौघांनीही उलट मलाच विचारलं, "होट्टलच्या महोत्सवाला का न्हाई आलाव?"

शेवटी गफारभाईंची रिक्षा मिळाली. रस्ता खणलेला, प्रत्येक खड्ड्यात ताई माझ्यावर आदळत होती.

"महोत्सवात यायचं ना, अम्मा," गफारभाई म्हणाले. "लायटिंग, गाणं, खाणं, समदं ऱ्हातंय."

"आणि इतर दिवशी?" मी विचारलं.

"इतर दिवशी कोन येतंय?"

"आम्ही आलोय ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

ऐन दुपारी पोचलो. ऊन डोक्यावर, देवळाची भिंत पांढरीफटक. ताई डोळे बारीक करून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "काहीच दिसत नाही गं. ऊन कलेपर्यंत थांबू या."

गफारभाईंना शाळेची मुलं सोडायची होती. संध्याकाळी येतो म्हणून गेले. आसपास चहा नाही, स्वच्छतागृह नाही, बसायला बाकडं नाही. मी एकटीच बडबडत, चडफडत फेऱ्या मारत होते. ते ऐकून समोरच्या घरातून चंद्रकलाबाई बाहेर आल्या.

"घरात या की. उनात काय करून राहिल्या?"

त्यांनी भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाचं कालवण) वाढलं. चव अशी, की माझी बडबड थांबली.

"तुम्ही इथे खाणावळ का नाही काढत?" मी विचारलं.

"महोत्सवात लावते की स्टॉल. रोज रांधून कुनाची वाट बघू?"

मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

ऊन कललं. भिंतीवर तिरप्या सावल्या पडल्या आणि दगड उठून दिसू लागला. ताई एका नर्तकीच्या अगदी जवळ गेली. नाक टेकेल इतकी.

"तिची टाच बघ," ती म्हणाली. "टेकलेली नाही. आत्ता टेकेल."

मी दुपारपासून त्याच मूर्तीसमोरून फेऱ्या मारत होते. टाच पाहिली नव्हती.

गफारभाई उशिरा आले, म्हणून आमची एस.टी. चुकली. देगलूरच्या लॉजवर गादी ओलसर, पंखा बंद. सकाळी एस.टी.त उभ्यानेच लातूर गाठलं.

शेजारच्या वहिनींनी विचारलं, "कसं काय झालं?" मी खड्डे, स्वच्छतागृह, लॉज, सगळं एका दमात सांगायला लागले. एवढं जुनं देऊळ सांभाळून बसलेल्या गावाला वर्षभर पाहुणा नको असतो का, याचा राग अजून गेला नव्हता.

ताई मध्येच म्हणाली, "वहिनी, तिच्या पायात पैंजणं होती. मला एकेक घुंगरू दिसलं."

पुढचं मी तिलाच सांगू दिलं.