साहेबांच्या हातची चप्पल

आमच्या यांनी पायातली चप्पल काढली ती एका निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, आणि ती परत पायात जावी म्हणून पुढच्या निवडणुकीचा निकाल लागावा लागला. मधल्या काळात लातूर तालुक्याचा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, अधिकाऱ्यांच्या जीपगाड्या आल्या, भाड्यानं घर मिळेनासं झालं. आमचे हे मात्र होते तसे अनवाणीच.

ज्यांच्यापायी हे अनवाणी, ते साहेब म्हणजे आमच्या मागच्या गल्लीत राहणारे पुढारी. राहायला लातुरात, पण उभे राहायचे शेजारच्या तालुक्यातून. यांचं मूळ गाव त्या मतदारसंघात. तेवढ्या नात्यावर हे साहेबांचे माणूस झाले होते. आमची दोघांची नावं लातूरच्या यादीत, म्हणजे साहेबांना आमचं मत पडायची सोयच नव्हती. ज्याला आपण मत देऊ शकत नाही त्याच्यासाठी माणूस किती करू शकतो, ते मी घरात बसून पाहिलं.

पहिल्या वेळी साहेब पडले. थोडक्यात पडले, असं हे अजून सांगतात. त्या दिवशी सिद्धेश्वराच्या देवळासमोर सगळे तोंड पाडून बसले होते. तिथं आमच्या यांना काय सुचलं कोण जाणे, उठले, पायातली चप्पल काढून बाजूला सारली आणि गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हणाले, "साहेब आमदार होस्तोवर पायात पायताण घालणार न्हाई. आन् घालीन ते साहेबांच्याच हातनं!"

आमच्याकडे असल्या शपथा घेणारे पुष्कळ. कोणी दाढी ठेवतं, कोणी चहा सोडतं. नुसतं "आमदार होस्तोवर" म्हटलं असतं तर निकालाच्या दिवशी दुकानातून आणून चप्पल घातली असती आणि विषय मिटला असता. पण ते दुसरं वाक्य. त्या वाक्याला टाळ्या पडल्या, खाली बसलेले लोक उठून उभे राहिले, म्हणे साहेबांनी यांना मिठी मारली. पुढची सगळी वर्षं मी त्या टाळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

आमचं भांड्यांचं दुकान. दुकानात बसून अनवाणी राहायला फारसं काही लागत नाही. पण हे बसणारे नव्हते. साहेबांची सभा असली की उदगीर काय, निलंगा काय, एसटीनं जायचे. उन्हाळ्यात डांबर पायाला चिकटायचं. लग्नाकार्यात लोक यांचे पाय बघायला यायचे आणि हे पाय जरा पुढे काढून बसायचे. यांना त्या काळात लातुरात नावानं फार कमी लोक ओळखत. "अनवाणी शेठ" म्हटलं की दुकान सापडायचं. यांना ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाही आवडायचं.

मग यांना शुगर निघाली. आणि निवडणुकीच्या आधीच्या दिवाळीत अंगठ्याला बाभळीचा काटा लागला. काटा निघाला, जखम राहिली. लातूरच्या डॉक्टरांनी मलम दिलं, काही उपयोग झाला नाही. माझं माहेर नांदेडजवळच्या मुदखेडचं. भावानं आम्हाला नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला, यांना कळ लागली नाही, आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला.

"आजपासून चप्पल. घरातसुद्धा. नाहीतर हा अंगठा राहणार नाही."

"निवडणुकीपत्तर थांबावं लागंल," हे म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं हे उमेदवार आहेत. भावानं खरं काय ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग देवाला सांगा, यंदा निवडणूक लवकर घे म्हणावं."

देवाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी राजकारणातलं एक अक्षर जाणत नव्हते, पण त्या हिवाळ्यात साहेबांसाठी माझ्याइतकी तळमळ त्यांच्या आईलाही नसेल. लोक विकासासाठी, पाण्यासाठी, जातीसाठी साहेबांच्या मागे होते. मी एका अंगठ्यासाठी होते.

त्या वर्षी पाऊस झालेलाच नव्हता. विहिरी आटल्या, बोअरला नुसता वारा यायचा. नळाला पाणी कधी येईल ते नगरपालिकेलाही माहीत नसायचं. गल्लीत टँकर यायचा आणि आम्ही बाया घागरी लावून उभ्या राहायचो. निकालाच्या दुपारीही मी त्याच ओळीत होते. टँकर साहेबांच्या घरासमोरच्या चौकात उभा. पाइपमधून पहिली धार सुटली आणि तिकडून हलगीचा आवाज आला.

साहेब आले होते. निवडून आले होते! माझ्या हातातली घागर मी खाली ठेवली आणि शेजारणीला मिठीच मारली. ती बिचारी दुसऱ्या पक्षाची होती.

मिरवणूक चौकात घुसली तशी टँकरला हलायला जागा उरली नाही. पुढे हलगी, मागे बँड, दोघांची चाल वेगळी आणि दोघंही थांबायला तयार नाहीत. पोती फोडून गुलाल उधळत होते. जीपच्या टपावर, विजेच्या तारांवर, म्हशीच्या पाठीवर, सगळीकडे गुलाल. आमच्या उघड्या घागरींतही गुलाल. एक म्हातारी ओरडत होती, "आरं मुडद्यांनो, पाण्यात नका टाकू!" तिच्याच डोक्यावर कोणीतरी मूठभर टाकला. त्या रात्री सगळ्या गल्लीचं वरण गुलाबी शिजलं. आणि माणसं तर पुढचे कितीतरी दिवस गुलाबीच होती, कारण अंघोळीला पाणी कुणाकडे होतं? बँकेतला कॅशियर गुलाबी कानांनी नोटा द्यायचा.

साहेबांच्या दारात ट्रॅक्टरची ट्रॉली लावून स्टेज केलं होतं. मी टँकरच्या चाकाशी उभी राहून बघत होते. मला हे दिसत होते. टोपी, नवं धोतर, बगलेत कागदात गुंडाळलेली नवी चप्पल. ती त्यांनी आठवडाभर आधीच आणून देव्हाऱ्याखाली ठेवली होती. मग माइकवर एक जण ओरडला, "साहेबांसाठी अनवाणी राहिलेल्या निष्ठावंतांनी पुढं यावं!"

मला वाटलं होतं, पुढे येतील ते एकटे आमचे हे. गर्दीतून एकेक जण निघायला लागला. कोणी खेड्यातला पागोटेवाला, कोणी चांगला पँट-शर्टातला, एक तर आमच्याच बाजारातला टेलर. सगळ्यांच्या बगलेत कागदाची पुडकी. ट्रॉलीपुढे रांग लागली. मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण एकटेच आहोत असं समजणाऱ्या माणसाला रांग दिसली की त्याचं तोंड कसं होतं, ते मी पाहिलं. तरी हे नेटानं पुढे घुसले आणि रांगेत दुसरे लागले.

पहिला एक म्हातारा होता. साहेब वाकले, म्हाताऱ्याच्या पायात चप्पल घातली, फटाके उडाले. फोटोवाला म्हणाला, "साहेब, तोंड आलं न्हाई फोटोत." मग म्हाताऱ्यानं चप्पल काढली. साहेब परत वाकले. तेवढ्यात कोणीतरी गुलाल उधळला आणि फोटोवाल्याची काच भरली. म्हाताऱ्यानं परत चप्पल काढली. त्याचं आपलं बरं चाललं होतं. मागे आमचे हे पुडकं सोडून तयार उभे, दुखरा पाय जरा वर उचलून.

तिसऱ्यांदा म्हाताऱ्याच्या पायात चप्पल गेली आणि घरातून एक जण धावत आला. मुंबईचा फोन. साहेबांनी आत जाऊन फोन घेतला, बाहेर येऊन हात जोडले आणि माइकवर म्हणाले, "मला लगेच निघावं लागतंय. तुम्ही माझी माणसं. बाकीच्यांचं आल्यावर." जीप सुरू झाली. रांग टाळ्या वाजवत होती. रांगेत हेही टाळ्या वाजवत होते, चप्पल बगलेत धरून.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, आमदार झाले ना? घाला आता."

"साहेबांच्या हातनं म्हणलोय मी."

"साहेब मुंबईला, पाय इथं."

"येतील की."

साहेब आले नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला. जखमेची कड काळी पडली, खोलीत वास यायला लागला. तेव्हा मी ती चप्पल पिशवीत घातली आणि सरळ साहेबांच्या घरी गेले. साहेबांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. त्या पायऱ्यांवरचा गुलाल ओल्या फडक्यानं पुसत होत्या, पाणी वाचवत, एकेक पायरी.

"वहिनी, साहेब कधी येतील?"

"मला काय विचारताव? मला रेडिओवरनं कळतंय," त्या म्हणाल्या.

मी पायाचं सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडले. वहिनींनी फडकं पिळून कठड्यावर टाकलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला."

दुकानात हे गादीवर बसले होते. वहिनी आल्या तसे धडपडत उठले. वहिनी खाली बसल्या, पिशवीतून चप्पल काढली आणि म्हणाल्या, "पाय पुढं करा भावजी." साहेबांची बायको आपल्या पायाशी! यांचा चेहरा पांढराफटक पडला. "शिव शिव शिव! वहिनी, काय करायलाव!" वहिनींचा हात पायाला लागायच्या आत यांनी घाईघाईनं स्वतःच दोन्ही पाय चपलेत कोंबले. वहिनी उठल्या, हात झटकले. "झालं," म्हणाल्या. आणि मला विचारलं, "त्या रांगेतल्या टेलरचं घर कुठं हाय?"

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "हे घातलेलं धरायचं न्हाई," एवढंच अधूनमधून पुटपुटायचे. पण चप्पल काढली नाही. वहिनींनी पायाशी ठेवलेली, तिचा अपमान कसा करणार? बाजारात कोणी "अनवाणी शेठ" म्हटलं की खाली बघायचे. जखम मात्र सुकायला लागली. कड लाल झाली. मी नांदेडच्या डॉक्टरांना पत्रानं तसं कळवलंसुद्धा.

मग साहेब आले. दारात मांडव, आत सतरंज्या, भेटायला सगळा तालुका. आम्हीही गेलो. मी आत वहिनींकडे बसले. दाराच्या फटीतून बैठक दिसत होती. यांनी सगळ्यांसारखी उंबऱ्याबाहेर चप्पल काढली आणि आत येऊन साहेबांसमोर हात जोडून उभे राहिले. साहेबांनी यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओळख पटली नाही, ते मला तिथून दिसलं. मग नजर खाली पायांवर गेली, अंगठ्याच्या पट्टीवर, भेगांवर, आणि साहेब एकदम उठलेच.

"अरे, बघा! याला म्हणतात माणूस! आम्ही तिकडं मुंबईत, आन् हा गडी आजून अनवाणी! आजून आमच्या हातची वाट बघायलाय!"

बैठकीतले सगळे अनवाणीच होते. पण टाळ्या पडल्या त्या यांच्यासाठी. साहेबांनी यांना मिठी मारली. "माझ्या वाढदिवसाला, सगळ्यांसमोर घालू, कबूल?"

मी फटीला डोळा लावून होते. एक वाक्य पुरे होतं. साहेब, वहिनींनी घालायला लावली, एवढंच. यांनी एकदा उंबऱ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि म्हणाले, "कबूल." माझ्या शेजारी वहिनी पुऱ्या लाटत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. लाटणं थांबलं नाही.

बाहेर आल्यावर हे उंबऱ्याजवळच्या चपलांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत, आपली ओलांडून पुढे गेले. मी ती उचलली आणि मागून निघाले. अंगठा पुढे नांदेडला काढावा लागला, पण ते नंतर. त्या दुपारी रस्ता तव्यासारखा तापला होता आणि हे नवरदेवाच्या तोऱ्यात चालत होते. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी गाठून म्हटलं, "अहो, आता तरी घाला. साहेबांचं घर मागं पडलं."

"साहेब दारातनं बघत असतील."

मी वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. आत दुसऱ्याच कोणासाठी टाळ्या चालल्या होत्या. मी यांना तसं सांगितलं.

"तरी बी," हे म्हणाले आणि चालत राहिले.