प्राधान्यातलं धान्य

जीप आली की आमच्या कातकरवाडीत दोनच गोष्टी व्हायच्या. बायका मासे धरायचे बांबूचे सापळे गवतात लपवायच्या आणि पुरुष रानात दिसेनासे व्हायचे. कर्जतच्या बाजूला बाहेरच्यांचे बंगले यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. लग्न होऊन मी कोंडाण्याच्या लेण्यांखालच्या या वाडीत आले, तेव्हापासून हेच बघत होते. जीपमधून उतरलेल्या माणसानं आमचं भलं केल्याचं मला तरी आठवत नाही.

त्या दिवशीचा साहेब मात्र शिव्या न देता उतरला. सरळ मातीत मांडी घालून बसला, आमच्या हंड्यातलं पाणी प्यायला. सासू माझ्या कानाशी लागली, "हा काय तरी मोठं नेनार गं."

साहेब मासळीखात्याचा होता. नदीतल्या माशांवर संशोधन करायचंय म्हणाला, पण काय शोधायचं ते आम्ही नाही, तुम्हीच ठरवा. "तुमचं प्राधान्य काय, ते मोकळेपणी सांगा."

वाडीत कुजबुज सुरू झाली, धान्य देतोय, धान्य. मागे असंच गोड बोलून कुणी धान्य वाटून गेलं होतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कंदमुळांच्या टेकडीला तारेचं कुंपण पडलं. आता राहिला होता तो नदीतला डोह. त्याच्या मासळीवर आमची चूल पेटायची.

सासू उठली. "धान्य नको आमाला, साहेब. डोहाला हात लावू नका, बास."

मी आश्रमशाळेत शिकलेली. म्हटलं, "आत्या, धान्य नाय, प्राधान्य. आधी काय बगायचं ते इचारतायत."

"मंग तेच! आधी डोह कुनाचा ते बगा, मंग मासं बगा."

साहेब हसला. "ते माझ्या हातात नाही, आजी." मग विचारत राहिला, मासे अंडी कुठे घालतात, कधी घालतात. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या, नाय म्हाईत. खरं तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

श्रावणात हाताला काम नव्हतं, नदीला पूर, घरात दाणा नाही. अशात तीच जीप तांदळाची पोती घेऊन आली. "आजींनी धान्याचं काढलं होतं ना," साहेब म्हणाला. चेहऱ्यावरून माणूस खरंच चांगला वाटत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पोत्यांकडे कुणी गेलंच नाही. सगळी वाडी चिखल तुडवत डोहाकडे धावली, पुढे सासू. काठावर खांब नव्हता, तार नव्हती. गढूळ पाणी नेहमीसारखं वाहत होतं.

संध्याकाळी घराघरात भात शिजला. सासू पहिला घास हातात धरून म्हणाली, "जा गं, डोह हाय का बगून ये." मी गेले, बघून आले, हाय म्हटलं. तिनं घास तोंडात घातला, आणि दुसरा उचलण्याआधी पुन्हा माझ्याकडे बघितलं.