मुंग्यांना जेवू घालणारी आत्या

माझी आत्या मुंग्या-झुरळं मारायचं काम करते, आणि तेही त्यांना पोटभर जेवू घालून! मी पूर्वी हसायचे. मग आमच्या बेकरीत अन्न खात्याकडून तपासायला आलेल्या बाईंना पावाच्या पेटीत मुंग्या सापडल्या आणि माझं हसू कुठल्या कुठे पळालं. भट्टी बंद. दहा दिवसांची मुदत. फेरतपासणीत एक जरी मुंगी दिसली तरी परवाना रद्द!

बाबांच्या मागे ही बेकरी मीच चालवते. घाबरून मी फवाऱ्याचा अख्खा डबा भिंतीवर रिकामा केला. दुसऱ्या दिवशी पाहते तर एका रांगेच्या तीन रांगा! धावत आत्याला फोन लावला.

"फवारलंस?" आत्या आल्या आल्या कडाडली. "आगीतून फुफाट्यात पडलीस की गं! ही जात अशी आहे की धोका दिसला की लगेच वेगळी बिऱ्हाडं थाटते."

हे ज्ञान तिला फुकट मिळालेलं नाही. पाठीवर पंप घेऊन तिने पंधरा वर्षं घरोघर फवारलं. महिन्याभरात त्याच घरांतून पुन्हा बोलावणं यायचं, आणि तिला त्याची लाज वाटायची. एका दुपारी ती स्टुलावर बसून तीन तास मुंग्यांची रांग बघत राहिली. हिचं डोकं फिरलं, असं सगळ्यांना वाटलं. तिला मात्र कळलं होतं की समोर दिसतात त्या नुसत्या हमाल, राणी आणि पिल्लं भिंतीच्या आत बसून खातात.

फवाऱ्याच्या वासाने मुंग्या बिचकू नयेत म्हणून आत्याने आधी माझ्याकडून ती भिंत साबणाने धुऊन घेतली. मग साखरेच्या पाकात चिमूटभर औषध कालवून बाटल्यांच्या झाकणांत ओतलं. कणीक मळायच्या यंत्रामागे झुरळंही निघाली, त्यांच्यासाठी तिथे विषारी जेलचे मोहरीएवढे ठिपके लावले.

"एवढंसंच?" मी विचारलं.

"जास्त घातलं तर ताटावरच मरतील. मग घरी डबा कोण नेणार? झुरळाचंही तेच. ते खाऊन फटीत जाऊन मरतं, आणि त्याची घाण नि मढं खाऊन बाकीची मरतात. घाई करायची नाही."

पण तिसऱ्या दिवशी झाकणांभोवती मुंग्यांची ही झुंबड! मी ओलं फडकं घेऊन धावले, तर आत्या दोन्ही हात पसरून आडवी उभी. "हात लावशील तर याद राख! पाहुण्यांना पंगतीतून उठवतेस?"

पाचव्या दिवसापर्यंत दोन रांगा आटल्या. यंत्रामागे झुरळं उताणी पडलेली! मी तर नाचायचीच बाकी होते. पण भट्टीमागची तिसरी रांग पाकाला वळसा घालून सरळ पुढे जायला लागली. आत्या गुडघ्यांवर बसली, नाक जमिनीला टेकेल इतकी वाकली आणि एकदम ओरडली, "गोडाला कंटाळल्यात गं!" तिने उकडलेल्या अंड्याचा बलक तेलात कुस्करला, त्यात औषध घातलं आणि वाटेत ठेवला. दहा मिनिटांत त्या तुटून पडल्या. आम्ही दोघी एकमेकींना मिठी मारून उड्या मारत होतो, आणि कारण काय, तर मुंग्या जेवतायत!

दहाव्या दिवशी त्या बाई आल्या. त्यांनी पेट्या उघडल्या, फटींत विजेरी मारली. मग आत्यानेच भट्टीमागे साध्या साखरेची चिमूट टाकली. "थांबा, बसून बघा." बाई स्टुलावर बसल्या. पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. एकही मुंगी आली नाही. बाईंनी सही केली आणि त्या हसून म्हणाल्या, "कमाल आहे तुमच्या धीराची."

"कसला धीर? दहा रात्री डोळ्याला डोळा नाही!" आत्या म्हणाली. "भावाची भट्टी आहे माझ्या." मग ती माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, तरी आवाज चढलेला. "आणि तू बघत काय उभी राहिलीस? पेटव की लवकर!"