अकरा एकांची संख्या

गणिताचे बबनअण्णा एसटीची वाट बघत उभे असले तरी बोटानं तळहातावर भागाकार करायचे. निमगाव सावाच्या शाळेत ते गणित शिकवायचे, मी मराठी. ओळख झाली त्याच दिवशी त्यांनी फळ्यावर ओळीनं अकरा वेळा एक लिहिला. "राव, ही मूळ संख्या हाय. एक आन् ती सोता, बाकी कुणाचाच भाग जात न्हाई. फकस्त सिद्ध करायचं ऱ्हायलंय."

"करून काय मिळणार?"

"तुमी कविता शिकवून काय मिळवता?"

मी दोन चहा सांगितले.

लाखाच्या थोडं पुढंपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं, असं अण्णा सांगायचे. हे काम नवरा-बायकोचं होतं. संध्याकाळी अण्णा भागायचे आणि सिंधूवहिनी उलटा गुणाकार करून तपासायच्या. "तुमचा हातचा ऱ्हायला बगा," असं त्या भाजी निवडता निवडता म्हणायच्या. अण्णा आधी चिडायचे, मग खोडायचे. लहानगी मंगल शेजारी बसून ऐकायची.

त्याच मंगलनं पुढे आपल्या पसंतीनं लग्न ठरवलं आणि अण्णांनी तिला घराबाहेर काढलं. वहिनी मुलीच्या बाजूनं उभ्या राहिल्या. कित्येक महिने घरात अबोला होता, तरी अण्णा हट्टानं एकटेच भागत राहिले. नंतर दोघांचं बोलणं सुरू झालं, पुढच्या भागाकारांची तपासणीही. मंगल मात्र नाशिकला गेली ती गेलीच. अण्णांनी तिला कधी बोलावलं नाही. याचं मला फार वाईट वाटायचं.

शेवटचा भागाकार झाला तेव्हा त्यांनी शाळाभर पेढे वाटले. पुढे वहिनी गेल्या. त्यांच्या वर्षश्राद्धाला शाळेच्या भिंतीवर ती संख्या आणि खाली दोघांची नावं रंगवायची, असं अण्णांनी ठरवलं. पेंटर कळंबहून येणार होता. आदल्या दिवशी मी सहज मोबाइलवर ती संख्या शोधली. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं ती संख्या पूर्ण भागली जात होती. सांगूच नये असं वाटत होतं. पण भिंतीवरचं खोटं त्यांनाच सोसलं नसतं.

अण्णांनी माझ्यासमोर भागाकार केला. बाकी शून्य. मग त्यांनी जुन्या वहीतलं ते पान काढलं. "एकवीस हजार... ह्ये त्या अबोल्यातलं हाय, राव." मग त्यांनी मला मंगलला फोन लावायला सांगितलं.

इतक्या वर्षांनी बापानं लेकीला काय सांगावं? "मंगल, आपल्या अकरा एकांना भाग गेला गं."

तिनं हळूच विचारलं, "आईनं तपासलं नव्हतं का, अण्णा?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "तवा ती तुझ्यासाठी माझ्याशी भांडत व्हती."