लांज्याच्या बाईची ओटी

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. मिठागरावर कारकुनी करणारा माणूस मी. डोळ्यांना दिसेल तेवढंच वहीत लिहायचं, ही सवय.

साल १९७४. भाईंदर पूर्वेला खारी गावात आम्ही तिघं भाड्यानं राहायचो — मी, माझी बायको आणि बावीस वर्षांचा मुलगा अरुण. अरुणला एका बाईचा आवाज ऐकू यायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी निदान केलं, स्किझोफ्रेनिया. "एवढं लांब नाव... म्हणजे रोग साधा नसणार," ही म्हणाली. घरमालकीण म्हणाली, "पोराला बाय लागलीय. भगताकरं न्या, दुसरा विलाज न्हाय."

मी म्हटलं, इलाज गोळ्या. पण ती बाई अरुणला सांगायची, गोळीत विष आहे! दोन दिवस त्यानं गोळी घेतली नाही, जेवलाही नाही. गोळ्या थांबल्या तर इस्पितळात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी रडकुंडीला आलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरी येतो तर काय, ही अरुणकडे त्या बाईची चौकशी करतेय!

"विचार तिला, गाव कुठलं?"

"लांजा म्हणतेय," अरुण म्हणाला.

"अगो बाई, माझं माहेर! सवाष्ण आहे का?"

"हो म्हणतेय."

"आणि आपण तिची ओटीसुद्धा भरली नाही! अहो, नारळ आणा."

मी कपाळावर हात मारला. पण बायकोपुढे कोणाचं चाललंय? कानाशी हलवून चांगला पाणीदार नारळ आणला. अरुण म्हणाला, "ती म्हणतेय, नासका आहे." झालं, माझं डोकं फिरलं. ओटीचा नारळ फोडतात का? पण मी तो उंबऱ्यावर आपटला... आणि असा वास सुटला, की घरमालकीण पदर नाकाला लावून पळाली. निमूटपणे दुसरा आणला.

अरुणनं दाखवलेल्या रिकाम्या खुर्चीवर हिनं खण, तांदूळ, नारळ ठेवला. हात जोडले. "बाई, तुम्ही लांज्याच्या, मी लांज्याची. माहेरच्या माणसानं असं वागू नये. पोराला गोळी घेऊ द्या हो." बोलता बोलता तिला रडू फुटलं. मलाही भरून आलं.

अरुण थोडा वेळ कान देऊन बसला. मग त्यानं हात पुढे केला. "दे. ती म्हणतेय, विष नाही. आईनं सकाळी एक खाऊन बघितलीय."

मी हिच्याकडे पाहिलं. ही मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही कामावर होतात, हा मोरीत. म्हटलं, विष असलं तर आधी मला कळेल... नुसती झोप आली हो. भात करपला."

त्या दिवसापासून अरुणनं गोळी चुकवली नाही. बाईचं बोलणंही हळूहळू कमी झालं. डॉक्टर म्हणाले, त्यानं आईला बघितलं असेल. पण ही शपथेवर सांगते, मोरीचं दार बंद होतं, कडी आतून... नारळाचं मी योगायोग म्हणून सोडून देतो. गोळीचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. चोवीस वर्षं जिच्यासोबत संसार केला, तिनं त्या सकाळी काय केलं ते मला कळलं नाही, आणि लांज्याच्या बाईला कळलं.