कडेला सरकवलेली तुकडी

मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो तो पुढच्या महागड्या वर्गात, आणि त्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं आणि तिथे मी नकाशे काढायच्या कामावर होतो. काही नकाशे दुसऱ्या दिवशी दिल्लीत पोचायलाच हवे होते. मागच्या स्वस्त वर्गात जागा उरली नव्हती, तेव्हा कचेरीने कपाळाला आठ्या घालत माझं तिकीट पुढच्या वर्गाचं काढलं. रोज बोईसरपासून साइटपर्यंत ट्रकच्या मागे लोखंडाला धरून उभा राहणारा माणूस मी. त्या गुबगुबीत खुर्चीत कसं बसावं हेच मला कळेना.

निघताना डोक्यात विमान नव्हतंच, बायको होती. तिला आठवा महिना लागला होता. आदल्या आठवड्यात पालघरच्या डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि मला विचारलं, "ही जेवते की नाही?"

मला रागच आला. पालघरजवळच्या माहीमला आमची वाडी, परसात केळी, दारावर रोज ताजी मासळी. "घरात कशाची कमी नाही," मी तोऱ्यात म्हणालो.

"घरात नसेल. हिच्या अंगात रक्त नाही. असंच राहिलं तर बाळंतपणात दोघांचंही अवघड आहे."

बायको खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. घरी येताना मी तिच्यावरच डाफरलो, की नीट जेवत का नाहीस.

आमच्याकडे पुरुष आधी जेवत आणि बायको मागून नवऱ्याच्याच ताटात जेवायला बसे. ताट मध्ये धुवायचं नाही. लग्न झालं तेव्हा आईने मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "ताट चाटूनपुसून उठू नको रे. मग तिला काय राहील?" तेव्हापासून मी न चुकता पापलेटची तुकडी अर्धी खाऊन उरलेली ताटाच्या कडेला सरकवत असे. मधला गाभा मला आवडायचा, त्यामुळे कडेला जायची ती काट्यांची बाजू. पण ठेवत होतो ना? तेवढ्यावर मी स्वतःला फार प्रेमळ नवरा समजत होतो.

विमान वर चढताना हवाई सुंदरीने लिमलेटच्या गोळ्यांचं तबक पुढे केलं, कानात घालायला कापूस दिला. मग अत्तराच्या वासाचा ओला रुमाल आला. मी तो खिशात ठेवू लागलो, तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांनी त्याने तोंड पुसलं, म्हणून मीही पुसलं. मग पुढ्यातल्या फळीवर पांढरंशुभ्र फडकं अंथरलं गेलं. चिनी मातीच्या ताटलीत कोंबडी, वाटाणे, लोण्याचं फूल, गरम पाव. ती मुलगी वाकून वाढत होती आणि माझा जीव खालीवर होत होता. ती माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची होती. सगळ्यांना वाढून होईपर्यंत तिच्या पोटात काही नसेल, असं मी धरूनच चाललो. वाढणारी बाई उपाशी असते एवढं मला माहीत होतं.

शेवटी केक आला. वर साखरेचा पांढरा थर, त्यावर लाल चेरी. मी त्याला हात लावला नाही. ताटली रिकामी करून केक नीट कडेला सरकवून ठेवला आणि हात पुसून बसलो.

ती ताटल्या उचलायला आली. "सर, केक पसंद नहीं आया?"

"अच्छा है," मी म्हणालो. "आपके लिए रखा है."

शेजारचे गृहस्थ वर्तमानपत्राआड खुदकन हसले. ती मात्र हसली नाही. हळूच म्हणाली, "शुक्रिया सर. लेकिन हमारा खाना अलग आता है. गरम."

ती ताटल्या घेऊन गेली. थोड्या वेळाने पुढचा पडदा सरकला तेव्हा ती आत मांडीवर ताट घेऊन बसलेली दिसली. तिच्या ताटातून वाफ निघत होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ते शेजारच्याच्या हसण्यामुळे नव्हे. या परक्या मुलीसाठी मी अख्खा, न उष्टावलेला केक ठेवला होता, आणि घरच्या बाईसाठी अर्धी चावलेली, गार झालेली तुकडी. वर तिलाच विचारत होतो, जेवत का नाहीस. दिल्लीचं काम कसं उरकलं ते मला आठवत नाही. परतीच्या वाटेवर मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

घरी पोचलो तेव्हा तव्यावर पापलेट होतं. आईने माझं ताट मांडलं. मी म्हणालो, "आधी तिला वाढ. वेगळ्या ताटात, गरम."

आईचा हात तसाच राहिला. "याड लागलं का? आमी बायका मागून जेवतो. आजवर काय बिघडलं?"

"बिघडलंय. डॉक्टर काय म्हणाले ते तुला सांगितलं ना? ती जेवल्याशिवाय मी पाटावर बसणार नाय."

आई पुटपुटली, पण सून तिलाही हवी होती. तिने वाढलं. बायको आधी माझ्याकडे, मग ताटाकडे बघत राहिली. मग बसली. भाताची वाफ तिच्या तोंडावर येत होती. ती भराभरा जेवत होती, कोणी ताट ओढून नेईल अशा घाईने, आणि मला समोर उभं राहवेना.

तेवढ्यात ती थांबली. अर्धी खाल्लेली तुकडी तिने बोटाने ताटाच्या कडेला सरकवली. चांगली, मधली बाजू माझ्यासाठी राखून. मग ताट पुढे करून म्हणाली, "घ्या. तुमच्यासाठी ठेवलीय."

ती थट्टा करत नव्हती. तिला वाटलं, आता असंच करायचं असतं.

त्या तुकडीवर तिच्या दातांची खूण होती, बाजूला कालवलेला भात होता. मी हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. मला किळस आली. माझ्या बायकोच्या उष्ट्याची. ते तिने पाहिलं.

"आई," मी दुसरीकडे बघत म्हणालो, "मला वेगळं वाढ."

बायकोने ताट परत आपल्याकडे ओढलं. मग एकेक घास घेत, माझ्याकडे न बघता, तिने ती तुकडी सगळी खाल्ली.