काठीला काठी

"ह्याच्या काठीला मी काठी लावणार नाही."

म्हसळ्याच्या मैदानात, सगळ्यांच्या देखत, समोरच्या संघातला वकिलाचा मुलगा बोलला. हॉकीचा सामना बुलीनं सुरू होतो. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, काठी एकदा जमिनीला, एकदा समोरच्याच्या काठीला, असं तीनदा. मग चेंडू. मी महारवाड्यातला. लाकडालासुद्धा विटाळ होतो म्हणे!

मी वस्तादांकडं बघितलं. ते पलटणीतले जुने हवालदार, आम्हाला खेळ शिकवायचे. दिघीच्या धक्क्यावर मी ओझी उचलायचो, तिथून त्यांनीच मला संघात आणलं. तेव्हा त्यांचा कायदा एकच, जो पळेल तो पुढं. जात काढणाऱ्याला भर उन्हात मैदानाच्या फेऱ्या. मी त्यांना देव मानायचो.

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू मागं जा. डावपेच बदललेत."

मी गेलो. त्याची चीड अजून येते.

पुढं वस्ताद खरंच बदलले. शिव्या गेल्या, लांब फटके गेले, छोटे छोटे पास आले. खेळ देखणा झाला, खोटं कशाला बोलू. पण नवा डाव आला की माझी जागा मागं सरकायची. आधी बचावात. मग गोलात. मग बाहेर, कपडे राखायला. कारण दर वेळी खेळाचंच. संघ आता गावच्या खोतांच्या जिवावर चालत होता, ते कोणी बोलायचं नाही.

मग संघ हरायला लागला. वस्ताद धक्क्यावर आले. मी ओझं खाली ठेवलं. परत पुढं खेळ म्हणाले, फक्त बुली खोतांचा मुलगा करील, चेंडू मागून तुला देईल. आणि हळूच म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही रे."

माझं डोकं सणकलं. त्यांनीच दिलेली काठी घरून आणली, त्यांच्या पायाशी ठेवली.

"बुली मी करनार, वस्ताद. न्हायतर खेळ न्हाय. डाव खोतांचे हायत. तुमचा एक तरी हाय का?"

ते काठी उचलून निघून गेले.

आता ओहोटीला मी महारवाड्यातली माणसं घेऊन वाळूत खेळायला उतरतो. काठ्या आम्ही बाभळीच्या तासल्यात. डाव मीही बदलतो, बदलावेच लागतात. पण समोरचा काठीला काठी लावणार नसेल, तर सामना तिथंच बंद. मागं आमच्यातलं कोणी जाणार नाही.